बारा दिवसांत सात देश

युरोपचा विषय निघालाच आहे, तर आमच्या शिवराजअण्णांचं ऐका. बीदरला बिदरीचं काम करायचे ते. काळ्या भांड्यावर चांदीची तार ठोकून नक्षी काढायचे. हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर चार-पाच वर्षांनी त्यांना पॅरिसच्या एका प्रदर्शनाचं बोलावणं आलं. प्रदर्शन संपल्यावर इटलीतून परतीची बोट सुटायला बारा दिवस होते. मी शाळेत भूगोल शिकवायचो, म्हणून निघण्याआधीच माझा नकाशा मागून त्यांनी त्या बारा दिवसांत सात देश बसवले.

मी म्हटलं, "अण्णा, एवढं कसं होईल?"

"कामून न्हाई? बघा की मास्तर, एका बोटाखाली दोन देश मावायलेत!"

त्यांची बायको, आमच्या अक्का, शेजारी ज्वारी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "परवा निंबर्ग्याला लग्नाला निघालो, तर अक्षता पडल्यावर पोचलो. ते तर शेजारच्याच जिल्ह्यात हाय."

अण्णांनी पेन्सिल उचलली आणि पाच देश खोडले. फ्रान्स आणि इटली राहिले. इटलीत चार गावं बघायची ठरली.

परत आल्यावर मी विचारलं, "चारी गावं झाली?"

"न्हाई हो. पहिल्याच गावात एक चांदीचा कारागीर भेटला. आठ दिवस त्याच्याच दुकानात बसलो."

"पण बोलायचात कसं?"

"त्यो त्याचं बोलायचा, मी आपली मराठी. चौथ्या दिवशी तार कशी ठोकायची त्याच्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. तवा कळलं, दोघांलाबी सगळं समजायलंय!"