भोंगा थांबल्यावर

न्हाय न्हाय, कातर ठिव खाली. वस्तरा घे — मिशी कोरायची न्हाय, उतरायची हाय, समदी. आसा काय बघतुस रेवणप्पा? कोन मेलं? कोन बी मेलं न्हाय. बाप माळशिरसाकडं मेंढरं राखतुया, ठणठणीत हाय. तुमा न्हाव्यास्नी दुसरं काय सुचतच न्हाय, मिशी उतर म्हनलं की ह्यांच्या डोळ्याम्होरं बापाचं मढं. आरं, पिकली म्हनून उतरायची. परवा भरतीचा सायब येतुया, त्याच्याम्होरं ह्यो पांढरा झुपका घिऊन उभा ऱ्हाऊ व्हय? पुन्हा लढाई लागलीया — दुकानात पेपर पसरून ठिवलाईस, वाचतुस का नुसत्या माश्या मारतुस त्यानं?

मला पस्तीस सांगायचं हाय. खरं चाळीस. बसऱ्याचा कागद हाय की माज्याकडं, मागल्या लढाईचा, कर्नलाची सही हाय — पन त्यो दावायचा न्हाय. दावला तर सायब म्हनंल, पस्तिसाचा हाईस, मग बसऱ्याला काय तेरा वर्साचा गेला हुतास? हस, हस, हात मातूर हलवू नगंस. आन् खरं सांगितलं तर जुन्या शिपायास्नी पहाऱ्याच्या पल्टनीत घालत्यात म्हनं. पहारा म्हंजी काय — पुन्हा फाटक. वखारीचं आसंल, टेसनाचं आसंल, पन फाटकच. मला फाटक नगं. वाळवंटात धाडा, मरायला धाडा, फाटक नगं.

समदी भवानी पेठ म्हनती, ज्ञानबानं सोन्यासारखी नोकरी सोडली. सोनं व्हय त्ये? अकरा वरसं मिलच्या फाटकावर उभा ऱ्हायलो मी. मानसं यायची कशी — डोळं चोळत, बिडी इझवत, पाय वढत. आमची मेंढरं बरी, ती रांगंत तरी चालत्यात. कामगारांवरचा मुकादम, त्यो जॉबर बघावा तर तोंडात पान, त्यातनंच शिव्या. आन् मॅनेजर — धा वाजता यायचा, धोतराचा सोगा हातात धरून, आन् मी त्याला सलाम ठोकायचा. बसऱ्याला मी ज्यास्नी सलाम ठोकला ती मानसं गोळीम्होरं ताठ उभी ऱ्हायली. हितं ढेरीला सलाम. म्हनायचा कसा, ज्ञानबा, तू हाईस म्हनून मिलला शिस्त हाय. म्हंजी बाकी कुनाला नगं, नुसती मला.

पन हुकूम त्यो हुकूम. भोंगा थांबला की दिंडी, फाटकातलं धाकटं दार, बंद. थांबायच्या आदी एक पाय आत आसला तर आत, न्हायतर दिवस बुडाला. रडू दे, पाया पडू दे. अकरा वर्सांत कुनाला सोडलं न्हाय. कुनालाच न्हाय — व्हय, बायकूला बी न्हाय. तुला कुनी सांगितलं? पेठंला दुसरा उद्योगच न्हाय. मग नीट आईक. आमची चिमा सूत गुंडाळायच्या खात्यात हुती. त्या दिवशी पोरीला ताप भरल्याला, तिला शेजारनीकडं ठिवून पळत आली. भोंगा थांबला, मी कडी घातली, आन् ही धा पावलांवर. फाटकाच्या गजाला धरून म्हनली, आवं, मी हाय की. मला दिसत न्हवतं व्हय? समदी रांग बघाय लागल्याली. मी म्हनलं, मागं सरका. जसं समद्यास्नी म्हनतो तसं. ती रडली न्हाय, भांडली न्हाय. डोक्यावरचा पदर सारका केला, घरला गेली, पोरीला घेतली आन् बार्शीला भावाकडं निघून गेली. पाच म्हैनं झालं.

तिचं चुकलंच. शिपायाच्या बायकूला हुकूम कळाय नगं? बसऱ्याला एकानं पहाऱ्यावर सख्ख्या भावाला आडवलं, परवलीचा सबुद इसरला म्हनून. त्याला शाबासकी मिळाली. हितं मिलमधी समद्यांनी माज्याकडं आसं बघितलं, जसं काय मी बकरं चोरलं.

हां, पुसून घे त्यो साबन, डोळ्यात चाललाय. साबनच हाय.

काय म्हनलास? काढलं मला? कोन म्हनतं — आरं, काढलं तर काढलं. व्हय, काढलं. मी सोडली न्हाय. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ती बसव्वा आली, अक्कलकोटाकडची, कडंवर पोर. भोंगा थांबून लई येळ झाल्याला. ती दिंडीम्होरं नुसती उभी ऱ्हायली. आन् माजा हात कडीवर गेला. मी न्हाय न्हेला, त्यो गेला. दिंडी उघडली. ती वाकून आत गेली, आन् मागं मॅनेजर उभा — नेमका त्याच दिवशी येळंवर आल्याला. अकरा वर्सांत एकदा दिंडी उघडली, तर म्हनतु कसा, म्हातारा झालास, घरी बस.

चालव वस्तरा. थांबलास कशाला? बार्शीला जा म्हनतुस, तिला घिऊन ये. लई सोपं हाय, बसल्याजागी वस्तरा परजत सांगायला. गेलो आसतो मी. दोनदा टेसनापतूर गेलो. पन तिथं दारात उभा ऱ्हाऊन सांगू काय तिला? नोकरी का गेली म्हनून इचारंल की ती. सांगू — तुला न्हाय उघडलं, परक्या बाईला उघडलं?

बास. आता हूं बी करू नगंस. कर तुजं काम.