मिसळणाच्या डब्यातली हळद

मंडळी, मला एक पत्र आलं होतं. गेल्या लग्नसराईत. मी उत्तर दिलं नाही. पोथ्या चाळल्या, टीका चाळल्या, कुठे सापडलं नाही. आणि पुस्तकात नसलं की माझी वाचाच बसते!

पत्रात एकच प्रश्न होता — ‘महाराज, आरशात बघून मला घटकाभर बरं वाटलं. हे पाप झालं का?’

सांगा! आरशात बघून बरं वाटणं हे पाप? मग ही पुढची रांग आत्ताच उठून जाईल! हसताय? हसून घ्या. पुढे जमायचं नाही.

ऐका. बाईचं खरं नाव सांगत नाही; आपण कुमुद म्हणू. नवरा गेला तेव्हा लेक दुसरीत होती. शिवणकाम करून वाढवली. आज त्या लेकीची, रेवतीची हळद! दारात मांडव पडलाय. आणि सकाळी कुमुद तोंड धुते तर काय — कपाळावर, दोन भुवयांच्या बरोब्बर मध्ये, टपोरी पुटकुळी! काल नव्हती हो!

आता लग्नघर म्हणजे काय? जो तो डॉक्टर!

“जायफळ उगाळून लाव.”

“दातांची पेस्ट लाव गं, गार पडते.”

“काही नको, सकाळची शिळी थुंकी!”

तोंडं वाकडी करू नका, तुम्हीही लावली असेल!

बरं, एवढी घाई कशाला? तर रेवतीला हळद लावणार सवाष्णी. आई नाही. आई विधवा ना! तसं तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागतच नाही, मंडळी! कुमुदनं एवढंच मागितलं होतं, तेही मनातल्या मनात — उंबऱ्याशी उभं राहून बघायचं. तिथे तरी तोंड नीट असावं, एवढंच!

तिनं चिमूटभर हळद पाण्यात कालवून लावली. लग्नाच्या वाटीतली नव्हे हं! त्या वाटीला तिनं हात लावला नाही. स्वयंपाकाच्या, मिसळणाच्या डब्यातली!

इतक्यात शेजारच्या ताराकाकू आल्या. माया फार, आणि तोंडात कायम पान. “अगं, नुसत्या हळदीनं काय होतंय? वरून चुन्याचं बोट लाव, लगेच बसते!” आणि डबी उघडून स्वतःच लावलं की!

मायबहिणींनो, हळदीवर चुना पडला की काय होतं? बोला ना! लाल होतं! कुंकू दुसरं कशाचं करतात?

कुमुद आरशाशी गेली. लेप वाळला का बघायला. आणि थांबली. कपाळावर लालभडक, गोल. त्याच जागी! पुसायला हात वर गेला… पण तसाच राहिला. मंडळी, तेवढाच तो अपराध! हात जरासा थांबला!

“वहिनी!” दारात नणंद. “लेकीच्या हळदीला कुंकू लावून नटलात?”

“अहो वन्सं, पुटकुळी आहे ती. औषध लावलंय—”

“पुटकुळीला बरी नेमकी तीच जागा सापडली!”

बाहेर बायका हसल्या. ताराकाकू तिथेच होत्या. ‘मी लावलं’ एवढं म्हणायचं होतं. त्यांनी पान गिळलं, आणि ते वाक्यही!

कुमुद मोरीत गेली. पाण्यानं जाईना, काथ्या घेतला. घासलं. घास घास घासलं! पुटकुळी फुटली. कुंकू गेलं — आणि रक्त आलं. लाल ते लालच! पदर दाबून धरावा तर पदर भरला. तो पदर घेऊन उंबऱ्याशी यायचं कसं?

मांडवात रेवती विचारते, “आई कुठाय?”

“येतेय गं, तोंड धुतेय!”

हळद लागली. गाणी झाली. न्हाणंही झालं. कुमुद मोरीतच होती.

‘कपाळावर डाग राहिलाय,’ तिनं लिहिलं होतं. ‘लोक विचारतात, मी पुटकुळी सांगते. पण महाराज, मला बरं वाटलं होतं ते खरं.’

मंडळी, ज्याच्याकडे पुटकुळीवर औषध नव्हतं असा माणूस त्या घरात नव्हता. आणि त्या बाईसाठी एक वाक्य कोणाकडे नव्हतं! उद्या तुमच्या दारी मांडव पडेल. उंबऱ्याशी कोणी उभी असेल. हळदीची वाटी तिच्यापुढे कोण धरेल? तुम्ही? …का खाली बघता? मला तरी कुठे धीर होता! मी तर पोथीआड बसलो होतो.

पोथीत अजूनही सापडलेलं नाही. तरी काल उत्तर लिहिलं — ‘बाई, पाप नाही. हात थांबला, त्यात काहीही पाप नाही.’ एवढ्यानं काय होणार? हळद होऊन गेली, लेक सासरी गेली, डाग काही जायचा नाही. टपालपेटीच्या तोंडाशी माझाही हात थांबला.

मग पत्र सोडलं. आज, इथे येताना, तुमच्या स्टँडाजवळच्या पेटीत.