हरलेला डाव कुणापुढे मांडायचा?

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष माननीय सुगंधाताई, व्यासपीठावरचे पाहुणे, सत्कारमूर्ती दशरथभाऊ, विमलावहिनी आणि आपल्या वाकोल्याच्या बुद्धिबळ मंडळातील बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

भाऊ उद्या कायमचे मालवणला निघाले. त्यांच्याविषयी गोड बोलणारे पुष्कळ बोलले. मला मात्र एक शंका विचारायची आहे. भाऊ, तुमचा तो किंग्ज गॅम्बिट आपल्यासारख्या हौशी माणसांनी खेळावा का?

ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. दुसऱ्याच चालीला राजाकडच्या उंटापुढचं प्यादं समोरच्याच्या तोंडात द्यायचं. त्यात आपलाच राजा उघडा पडतो. मी कालच्या भातालाही फोडणी देणारी बाई, प्यादं फुकट कशी देणार? भाऊ म्हणायचे, "वयनी, प्यादां जपून काय त्याचां लोणचां घालूचां आसा?" मागून आपल्या मंडळातली चेतना म्हणायची, "पण भाऊ, हरता तुम्हीच ना?" भाऊ हसायचे. हरायचेही.

आणि आपल्या मंडळाचा रिवाज काय? जिंकणाऱ्याने चहा घ्यायचा; हरणाऱ्याने डाव पुन्हा मांडून, कुठे चुकलं ते सगळ्यांना दाखवायचं. त्यामुळे झालं असं, की आम्हाला सर्वांत जास्त शिकवलं ते भाऊंनी. माझे डाव आपले बरोबरीत सुटायचे. त्यात दाखवण्यासारखं काय असणार?

येत्या रविवारी मुलुंडच्या मंडळाशी सामना आहे आणि भाऊंच्या जागी, पहिल्या पटावर, मला बसवलंय. काल देवपूजा आटोपल्यावर मी पट मांडला, ते प्यादं पुढे सरकवलं आणि नुसती बघत राहिले. वजिराचा शह आला तर राजा जाईल कुठे? भीती वाटली. पण पुढे काय होतं ते बघावंसंही वाटलं. माझ्या जपून खेळण्यात असं कधी वाटलं नव्हतं.

तेव्हा गॅम्बिट परवडतो की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. रविवारी मात्र मी तोच खेळणार आहे. हरले, तर डाव मांडून दाखवू कुणापुढे? विमलावहिनी, त्या संध्याकाळी भाऊंचा फोन मोकळा ठेवा. भाऊ, तुम्ही तिकडे पट मांडून बसा. चुकलं कुठे ते रिवाजाप्रमाणे मीच सांगेन. तुम्ही फक्त ऐका.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलं, आभारी आहे. मोठ्यांसमोर काही कमीजास्त बोलले असेन तर पोटात घाला.