अण्णांची दुसरी गिटार

मंडळी, आख्यानाला हात घालण्याआधी एक सवाल. प्रेमापोटी बोललेलं खोटं — पाप का पुण्य? बोला की! एवढ्या सगळ्यांची दातखीळ बसली? बरं, असू द्या. कृष्णाकाठच्या एका नवरा-बायकोची गोष्ट ऐका, मग ठरवा.

सांगलीत अण्णा तारळेकर राहायचे. तरुणपणी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. हो, गिटार! कीर्तनात गिटार कुठून आली म्हणून नाकं मुरडू नका. लाकूड आणि तारा — वीणेत तरी दुसरं काय असतं? गोव्याच्या एका म्हाताऱ्या वादकानं अण्णांना दिलेली, परदेशी, जुनी. लहान चणीची, कमरेत बारीक! मधोमध मधाचा रंग आणि कडेकडेनं काळपट होत गेलेली — थालीपीठ कडेनं खरपूस होतं ना, अगदी तशी!

अण्णांच्या पत्नी हेमाकाकू. काचबिंदूनं दोन्ही डोळ्यांची नजर गेलेली. देवापुढे दिवा लागला की अण्णा वाजवणार आणि काकू शेंगा सोलत ऐकणार. दोघांचा संसार असा गोडीत चाललेला.

आणि श्रावणात आला पूर! पाणी उंबरा ओलांडून आत, बघता बघता कमरेएवढं! दारात नाव लागली. नावाडी ओरडतोय — "सामान राहू द्या! माणसं चला!" अण्णांच्या एका खांद्यावर गिटार, एका हाताला काकू. आणि काकूंचा पाय निसटला! काय केलं अण्णांनी? खांद्यावरची गिटार सोडली आणि दोन्ही हातांनी काकूंना उचललं! मागे वळून बघतात तर गिटार पाण्यावर तरंगत गल्लीच्या वळणाला गेली. गेली ती गेलीच.

नावेत काकूंनी विचारलं, "अहो, गिटार?"

आता खरं सांगितलं तर बायको काय म्हणेल? म्हणेल, माझ्यापायी गेली, मी आंधळी, मी ओझं! म्हणून अण्णा म्हणाले, "माळ्यावर ठेवलीय गं. वाचेल." पाणी ओसरल्यावर म्हणाले, "वाचली! जरा ओल लागलीय, मिरजेला दुरुस्तीला दिलीय." एक खोटं जगवायला दुसरं! फार खादाड असतं हो खोटं!

इकडे अण्णांच्या जिवाला चैन नाही. बोटं नुसतीच मांडीवर चालायची. तेवढ्यात पुण्याच्या भाच्याचा फोन — "मामा, तुमच्या गिटारच्या कंपनीनं तेच जुनं मॉडेल पुन्हा काढलंय! हुबेहूब!" आणि काय काढलं होतं! तोच लहान बांधा, तोच मधाचा रंग, छिद्राभोवती तीच बारीक नक्षी. वरच्या खुंट्यासुद्धा मुद्दाम पिवळट केलेल्या! नवीकोरी वस्तू जुनी दिसावी म्हणून कारखान्यात मेहनत — आणि आपण? आपण केसांना कलप लावतो! हसा, हसा. तबलजी, तुम्ही जरा बेतानं, घामानं रंग ओघळतोय!

गिटार आली. खोका उघडला आणि अण्णांचे डोळे भरून आले. गेलेलं माणूस दारात उभं राहिल्यासारखं झालं त्यांना! मग लागले चोरून कामाला. नव्या वार्निशाचा वास जावा म्हणून कापूर ठेवला. जुनीच्या कडेला एक टवका होता. काकूंच्या हाताला लागायला हवा ना? तो पाडला, अडकित्त्यानं! नव्या गिटारला अडकित्ता, मंडळी! प्रेम माणसाला काय काय करायला लावतं!

"हेमा, आली बघ दुरुस्त होऊन!" आणि वाजवली.

काकूंच्या हातातली शेंग हातातच राहिली. म्हणाल्या, "छान झालीय दुरुस्ती." बास, एवढंच! त्या दिवसापासून अण्णांनी गिटार घेतली की काकू उठून आत जायच्या. हिला कळलं का? की आवडत नाही? विचारायची अण्णांची छाती होईना.

आली खंडेनवमी. ज्याचं जे हत्यार, त्यानं ते पुजायचं. तारळेकरांकडे पाटावर गिटार! आणि दरवर्षी कुंकू लावायचा मान काकूंचा. छिद्राखाली, ठरलेल्या जागी, स्वतःच्या बोटानं. लावून लावून तिथे खरखरीत थर बसला होता. अण्णांना टवका आठवला, कापूर आठवला — बायकोच्या बोटाची खूण तेवढी विसरले! पुरुषांनो, माना खाली घालू नका, ऐका!

काकूंचं बोट टेकलं. तिथे सगळं गुळगुळीत.

"अहो, देवासमोर तरी नाटक नको. ही ती नाही."

"कधी कळलं तुला?"

"पहिल्या सुरालाच. आणि ती गेली हे तर पुरातच कळलं. दोन्ही हातांनी उचललंत ना मला? मग ती कुठे होती?"

"अगं, मग बोलली का नाहीस?"

काकूंनी पाटावरून हात मागे घेतला. "वाटलं, खरं सांगत नाही म्हणजे तुम्हाला माझा राग आलाय. एवढा जीव होता तिच्यावर, आणि माझ्यापायी गेली… ही वाजली की तेच टोचायचं, म्हणून आत जायची."

बघा मंडळी! जे हिच्या मनात येऊ नये म्हणून एवढा खटाटोप केला, तेच ती माउली एकटी उराशी धरून बसलेली!

"वेडी का काय तू? उद्या पुन्हा पूर आला तर पुन्हा तीच सोडीन! तिच्यासारखी कंपनीनं काढली गं. तू गेली असतीस, तर मी कुठल्या कारखान्यात जाऊन मागणार होतो?"

काकू रडता रडता हसल्या. "कारखान्यात बायको मिळत नाही तेच बरं! तिलासुद्धा अडकित्त्यानं टवका पाडला असतात! कटकट ऐकली हो मी!"

आणि त्यांनी त्या कोऱ्या लाकडावर कुंकू लावलं. म्हणाल्या, "तिचं तिच्यापाशी. हिला आता हिच्या नावानं घरात घ्या." खंडेनवमीला हत्यार चालवायचं नसतं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याचं सोनं देऊन झाल्यावर अण्णांनी गिटार घेतली. काकू आत गेल्या नाहीत, जवळ सरकून बसल्या.

आता सांगा, पाप का पुण्य? ते पांडुरंग बघेल! तुम्ही आपलं माणूस बघा. "सांगितलं तर तिला वाईट वाटेल" म्हणून घरात काय काय दडवून ठेवलंय तुम्ही? अहो, तिला वाईट वाटतंयच! कधीपासून वाटतंय, आणि एकटीला वाटतंय. आज घरी गेलात की तिच्याशेजारी बसा आणि बोलून टाका. देव ऐकतोच आहे, पण आधी तिला ऐकू द्या. म्हणा मंडळी — विठ्ठल, विठ्ठल!