पप्पांचं जर्किन

(मुरगूडजवळचं गाव. रक्षाविसर्जनाची सकाळ. बाळाबाई मेलेल्या लेकाच्या, कृष्णातच्या कपड्यांचं गाठोडं बांधतेय. नात निशिगंधा उंबऱ्यात मोबाईलवर खेळतेय.)

बाळाबाई : ...आन वर तोंड करून सांगतीस, आवाज बंद केलाय म्हणून! आवाज बंद केला की सुतक पाळलं व्हय गं?

निशिगंधा : न्हाय.

बाळाबाई : बापाची राख अजून गार न्हाय. भावकी येईल आता नदीवर जायला. म्हणतील, कृष्णातची पोर बंदुका उडवत बसलीया.

निशिगंधा : पप्पाच खेळायचे की माझ्यासंगं. डेअरीला दूध घालून आले की.

बाळाबाई : त्याला तरी कुठं अक्कल हुती? डोक्यात घालायचं हेल्मेट हँडलला अडकवून फिरला. आदळला उसाच्या ट्रॉलीवर जाऊन.

निशिगंधा : (मोबाईल उंबऱ्यावर पालथा ठेवते.)

बाळाबाई : काय शिकलीस त्या डबड्यातनं? सांग की, आमाला बी कळू दे.

निशिगंधा : आपल्यातला कोण पडला, तर पळून जायचं न्हाय. गुडघ्यावर बसून त्याला उठवायचं.

बाळाबाई : आन न्हाय उठला तर?

निशिगंधा : मग त्याची सॅक उघडायची. लागंल ते घ्यायचं.

बाळाबाई : मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायचं म्हण की.

निशिगंधा : तसं न्हाय. पप्पा म्हणायचे, मी पडलो तर माझं जाकीट तू घाल आन फुडं चल. टाकून गेलीस तर कुणाच्याच कामाचं न्हाय.

बाळाबाई : ते खेळातलं.

निशिगंधा : व्हय. खेळातलंच.

बाळाबाई : मग?

निशिगंधा : गाठोड्यात त्यांचं जर्किन घातलंस काय?

बाळाबाई : सगळं घातलंय. त्या दिवशी खुंटीवरच इसरून गेलता, ते बी. गेलेल्याचं कापड घरात ठेवत न्हाईत. राखंपाशी सोडायचं आन मागं न बघता यायचं. तुझ्या आज्ज्याचं बी ह्याच हातांनी सोडलं.

निशिगंधा : उद्या दूध कोण नेणार?

बाळाबाई : आज शेजारच्या सयाजीनं नेलं न्हवं?

निशिगंधा : तो रोज नेणार काय? मी नेतो सायकलवरनं. खरं पहाटं लई गारठा असतोय.

बाळाबाई : तुझी आई काय म्हणती?

निशिगंधा : आई कायच म्हणत न्हाय. भिंतीकडं तोंड करून पडलीया.

बाळाबाई : आन तू? डोळ्यातनं टिपूस न्हाय तुझ्या.

निशिगंधा : तू तरी कुठं रडलीस?

बाळाबाई : मला येळ कुठं हाय.

निशिगंधा : आज्जी, आले बघ सगळे. अंगणात चपला काढाय लागल्यात.

बाळाबाई : येऊ देत. ही गाठ सोड. माझी बोटं चालंनात.

निशिगंधा : सुटली.

बाळाबाई : खाली हाय बघ, लुंगीच्या खाली. काढ.

निशिगंधा : म्हशीचा वास येतोय अजून.

बाळाबाई : त्याचा बी येतोय. घाल.

निशिगंधा : भावकी काय म्हणंल?

बाळाबाई : म्हणू दे. त्यांच्या म्हशी हायत व्हय? हुबी ऱ्हा नीट, बाह्या दुमडतो. लांब हायत.