मोटारीचं घड्याळ

(बोरी बुद्रुक. दोन भावांच्या सामायिक विहिरीवरची मोटारीची खोली. सार्थक लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला, त्याचे वडील गोरख दारात उभे.)

गोरख : आता का थांबलास? बसलं न्हवं तुजं मोटार बंद करायचं सॉफ्टवेअर?

सार्थक : बसलं, आप्पा. पण सेटअप करताना ह्यानं विचारलं, घड्याळ कुठल्या देशाचं धरू?

गोरख : मग टाईप कर की भारताचं. त्यात काय एवढा इचार?

सार्थक : दिवाळीत बसवलं तेव्हाही विचारलं असणार. मला पुण्याची गाडी गाठायची होती. न वाचता नुसतं एंटर, एंटर दाबत गेलो.

गोरख : बरं, मग?

सार्थक : ह्यानं आपल्या मनानं विलायतेचं घड्याळ धरलं. आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मध्यरात्री बंद व्हायची मोटार पहाटे साडेपाचला बंद होत होती. तेव्हापासून प्रत्येक वेळी.

गोरख : काय बोलतोस! आन् उजाडलं की लंकावहिनीची पाळी.

सार्थक : तेच तर. आपण मध्यरात्री थांबायचं, रात्रभर झरे भरायचे, सकाळी त्यांना भरली विहीर. आजोबांपासूनची रीत आहे.

गोरख : पयलं म्या सोता यायचो मोटार बंद कराया. तू म्हणलास, आप्पा, आता निवांत झोपा. झोपलो, झालं.

सार्थक : आणि काकींचा जानकू म्हणत होता, सकाळी आलो तर विहिरीत पाणीच नव्हतं.

गोरख : दुपारी वहिनी बघाया यायच्या, तवा झरं भरून पाणी दिसायचं. पर तवर लाईट गेल्याली असायची, मोटार कशी चालनार?

सार्थक : ह्या पाण्यावरून भावकी बसली तेव्हा तुम्ही काय म्हणालात?

गोरख : कशाला उकरतोस? म्हणलो, पोरगं हितं येतच न्हाई, घरी लोळतं आन् थापा मारतं. सगळ्यांम्होरं म्हणलो.

सार्थक : त्यांचे टोमॅटो जळाले, आप्पा. जानकू चाकणला निघून गेला.

गोरख : हे बघ, घड्याळ नीट कर आन् गप ऱ्हा. वहिनीला आता पाणी मिळंल. पोरगं कंपनीत लागलंय, त्येचं बी बरंच झालं.

सार्थक : मला नाही जमणार. काकींसमोर जेवायला कसा बसू?

गोरख : तुला एकट्यालाच लाज वाटती व्हय? मला ह्याच गावात ऱ्हायाचंय.

लंकाबाई : (बाहेरून दाराशी येत) कसली लाज, भाऊजी? सार्थक आलाय कळलं, म्हणलं चहाला बोलवावं.

सार्थक : काकी, आत या. बसा. मला सांगायचंय तुम्हाला.

लंकाबाई : असा का दिसतोस रं? नोकरी गेली का काय?

सार्थक : नाही. मोटारीचं घड्याळ मी चुकीचं लावलं होतं. आमची मोटार पहाटेपर्यंत चालायची. तुमच्या पाळीला विहीर आम्हीच उपसलेली असायची.

लंकाबाई : म्हंजी... माजा जानकू खरं बोलत व्हता?

गोरख : व्हय, वहिनी. म्याच त्येला खोटं पाडलं. चुकलं माजं. टोमॅटोचं काय नुकसान झालं असंल...

लंकाबाई : टोमॅटो गेलं उडत! तुमी बोलला ते बोलला, म्या आई असून मानलं. जाताना भाकरी बांधली, तर घेतली न्हाई त्यानं. म्हणला, तू तरी इश्वास ठिवायचा व्हता. म्या उलटं दार लावून घेतलं.

सार्थक : मी आत्ता फोन करतो त्याला. माझी चूक मीच सांगतो.

गोरख : आन् म्या भावकी बोलिवतो. जिथं बोललो, तिथंच सांगतो.

लंकाबाई : सांगा की, सांगायलाच पायजे. पर आधी मला दे लावून. माजा फोन त्यो उचलत न्हाई, तुज्यावरनं लाव.

सार्थक : रिंग जातेय. घ्या, काकी.

लंकाबाई : जानकू... ठिवू नगंस, आई बोलती. तू आल्ता रं हितं. येळेवर आल्ता.