रानमांजराला सुकट

माझ्या पीएचडीचं नाव काढू नका, डोकं फिरतं. पोलादपूरच्या डोंगरातली रानमांजरं काय खातात, ते मी त्यांच्या केसांवरून शोधतेय. खाल्लेल्या अन्नाची खूण केसात उरते. कार्बन आणि नायट्रोजनचे जड-हलके अणू मोजले की कळतं. त्यासाठी वाडीतल्या एका काकींच्या कुंपणाला खरखरीत ब्रश बांधला. मांजर अंग घासतं, केस अडकतात.

रिपोर्ट आला: समुद्रातली मासळी! सर भडकले. "डोंगरातलं मांजर काय एसटीने समुद्रावर जातं? नमुने बदललेस तू!"

वर्षभराची मेहनत पाण्यात. तशीच वाडी गाठली.

"काकी, इथे मासळी कोण टाकतं?"

"मीच की गो! तुला केस हवे ना? म्हणून रोज सुकट टाकते. उगाच येतंय होय ते?"

"अहो, ते स्वतःहून काय खातं तेच तर मला बघायचंय!"

शेवटी हात जोडून सांगितलं, सुकट बंद करा. नवा ब्रश बांधला, सगळं पहिल्यापासून सुरू.

परवा फोन केला, तर काकी खुशीत. "काय काळजी करू नको गो. सुकट एक दिवस पण टाकली नाय. आता दूधभात घालते."